वेदगंगेकाठची वही: यंदा पाणी कोण बघणार?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहायला आज बसले. रोहिणी लागून चार दिवस झाले आणि ह्यांनी अजून वही बाहेर काढलेली नाही, २००५ पासून असं एकदाही झालेलं नाही, म्हणून मला राहवेना.

आमचं गाव निपाणी तालुक्यातलं, नदीला लागून. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे पण गावात रिवायंडिंगवाले म्हणून कुणी ओळखत नाही, नदीवाले म्हणूनच ओळखतात. २००५ च्या पुरात शेजारची म्हातारी माळ्यावर अडकली आणि पाणी किती वाढणार हे एकालाही सांगता येईना, त्या रात्रीपासून ह्यांनी लिहायला घेतलं. दोनशे पानी वही, त्यात तारीख, नक्षत्र, घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, वर पाटगावच्या धरणाकडं पाऊस कसा आहे, वारा कुठला. अशा चार वह्या झाल्या. पायऱ्या संपल्या की पुढं मारुतीच्या देवळाच्या दगडावर खुणा आहेत, २००५ ची छिन्नीनं कोरलेली, २०१९ ची तांबड्या ऑइलपेंटनं, २०२१ ची निळ्या. आमच्याकडं तांबडी सगळ्यात वर आहे.

मार्चमध्ये ह्यांच्या छातीत कळ आली. बेळगावला नेलं, दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले वजन उचलायचं नाही, जागरण नाही, पाण्यात उतरायचं नाही. म्हणजे पावसाळ्यात हा माणूस जे जे करतो ते सगळंच नाही. तेव्हापासून गप्प असतात. दुकानात जातात, येतात, जेवतात, आणि संध्याकाळी घाटाकडं तोंड करून बसतात.

आता घरातलं सांगते, कारण नदीचं काम करणाऱ्यांच्या घरात काय चालतं हे कुणी लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. ह्यांनी वही बघितली आणि म्हणाले आजच हिला निपाणीला मावशीकडं पोचव, उद्या जमणार नाही. मी भांडले, म्हटलं अजून सात पायऱ्या उघड्या आहेत. तरी नेलं. दुसऱ्या दिवशी गावाची वाट गेली, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. लेक सुखरूप बाळंत झाली. पण त्या आठवड्यात हे घरी एकदा सुद्धा आले नाहीत. लोकांची म्हशी-रेडकं, म्हाताऱ्या, गॅसच्या टाक्या काढत होते आणि आमच्या स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी, मी एकटी डाळीचे डबे माळ्यावर चढवत होते, ज्वारीचं पोतं हातातून सुटलं ते डोळ्यांदेखत गेलं. पोरगा तेव्हा बारावीला. तो म्हणाला, पप्पा नदीचे आहेत, आपले नाहीत. ते वाक्य ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलेलं आहे. दोन वर्षं आमच्यात नीट बोलणं नव्हतं.

तरीही मी म्हणते की वही थांबायला नको. माझ्या लेकीला त्या वहीनं वाचवलं हे मी विसरू शकत नाही. माणूस घरात नव्हता पण त्यानं लिहून ठेवलेलं घरात होतं.

त्यामुळं विचारते. तुमच्या नदीवर, नाल्यावर पाणी कोण बघतं, कसं बघतं, एक माणूस थकला की पुढं कोण? यंदा मी लिहिणार आहे, मला पोहता येत नाही पण पायऱ्या मोजता येतात. हात पाहिजेत. तुमचे अनुभव सविस्तर लिहा, आखडतं घेऊ नका.

वरचा_मुरगूड

वहिनी, मी मुरगूडचा, नदीच्या वरच्या अंगाला, तुमच्या आधी पाणी आम्ही बघतो. दादांना मी ओळखतो, म्हणजे चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखतो. २०२१ ला २२ जुलैच्या रात्री आमचं फोनवर बोलणं झालेलं. त्यांनी कुठनं तरी नंबर काढला आणि विचारलं, तुमच्या बंधाऱ्यावरनं पाणी कसं चाललंय, गढूळ की तांबडं, लाकडं येतात काय. मला वाटलं सरकारी माणूस आहे. नंतर कळलं रिवायंडिंगवाले. संध्याकाळी आमच्याकडं एकदम फुगलं तर पहाटे तुमच्या पायरीला लागतं हे त्यांनीच मला सांगितलं, मला माझ्या गावात जन्म काढून माहीत नव्हतं.

यंदा मी रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तुम्हाला मेसेज टाकतो. पाटगावकडचा माझा मेव्हणा आहे, त्याला पण सांगतो. धरण ३.७ टीएमसीचं, कोयनेपुढं काहीच नाही, त्यामुळं त्याच्या विसर्गाची बातमी टीव्हीवर येत नाही. पण ते भरल्यावर वर पडलेला पाऊस थेट खाली येतो, मध्ये थोपवायला काय नसतं. आमच्याकडं लक्ष ठेवावं लागतं ते तिथं.

ऊसवाला_सिदनाळ

काकी तुमचा धागा वाचून आंगावर काटा आला. ह्या माणसानं माझी १० एचपीची मोटार तीन वेळा भरून दिली आणि दोनदा बुडण्याआधी काढायला लावली. रात्री दीडला फोन, अक्कोळ-सिदनाळ बंधाऱ्यावर पाणी चढतंय, मोटारी काढा. आम्ही सात-आठ पोरं, बॅटरी तोंडात धरून, चेन ब्लॉक लावून मोटार वर घेतली, खाली पाय ठेवला की घोट्यावर, मोटार काठावर येईस्तोवर मांडीला. सकाळी बघतो तर पेटीचा खांब सुद्धा दिसत नव्हता. बुडाली असती तर वाइंडिंग, बेरिंग, सगळं धरून महिनाभर गेला असता आणि पुराच्या नंतर सगळ्यांच्या मोटारी एकदम भरायला येतात. बघा की, मोटारी बुडाल्या तर धंदा ह्यांचाच वाढणार होता. तरी रात्री फोन करायचे.

यंदा फोन लावायचं काम आम्ही घेतो. प्रत्येक बंधाऱ्यावर एक पोरगा. जत्राट-भिवशीला माझा मित्र आहे, भोजवाडी-कुन्नूरला साडू. पण काकी एक बोलायचंय, ऊसवाले आपण सुद्धा चुकलोय, पार काठापर्यंत लावला, मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन म्हणून बांध पुढं सरकवत सरकवत नदीत नेला. माझ्या आज्याच्या वेळी काठावर करंज आणि वाळुंज होतं, दरड धरून ठेवायचं. आता ऊस पडतो, वाहतो आणि खाली बंधाऱ्याच्या मोऱ्यात अडकतो. आणि मांगूर फाट्याजवळच्या हायवेच्या भरावाचं पण कुणी बोला, तिथं खांबांवरचा पूल मागतोय ते एवढ्यासाठीच, पाण्याला पसरायला जागा पाहिजे.

शहापूर_शिवार

ताई, आम्ही बेळगावचे, नदी नाही पण बळ्ळारी नाला आहे आणि त्यानं दरवर्षी रडवलंय. लोकांना वाटतं पूर म्हणजे कृष्णाकाठी, आमच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी आठ आठ दिवस उभं राहतं ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मे अखेरीला कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करायची, भात वीतभर वर यायचं, आणि एका रात्रीत तळं. पाणी उतरल्यावर पात कुजलेलं, मग दुबार पेरणी. बासमती बासमती म्हणून बेळगावचं नाव होतं ना, ती इथलीच, आता कोण लावतो मोजकेच.

नाल्यात काय आहे तर गाळ, केंदाळ, शहराचं सांडपाणी, आणि पूर्वी जो चार बैलगाड्या बसतील एवढा रुंद होता तो आता कुठं कुठं उडी मारून जाता येतो. आमच्या गल्लीतली आम्ही बारा-तेरा माणसं दोन वर्षं झाली दर रविवारी केंदाळ ओढतो. हातानं ओढायचं तर पायाखाली काचा, सिरिंज, काय काय. घरी आल्यावर बायको अंगणातच पाणी ओतते, आत घेत नाही. तुमचं घरातलं वाचलं आणि मी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, विचार त्यांना, आठवड्यातला एक दिवस घरासाठी राखून ठेवायचा नियम का नाही करत तुम्ही लोक. विचारतो.

नदी_आणि_राज्य

सगळं मूळ खाली कृष्णेवरचं अलमट्टी. ते धरण आहे तोवर वह्या लिहून काही होणार नाही. पाणी तुंबतं ते खालून तुंबतं. आधी त्यावर बोला.

कल्लोळ_येडूर

दादा, मी तुमच्या त्या खालच्या टोकाला राहतो, कल्लोळला. तुमची वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला मिळते ती आमच्याजवळ. त्यामुळं जे डोळ्यानं बघतो ते सांगतो. कृष्णा चढलेली असली की दूधगंगेचं पाणी आत जात नाही, मागं फुग मारतं, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सगळीकडं. पाऊस थांबला, ऊन पडलं तरी पाणी वाढतच असतं ते ह्यामुळं, आणि माणसं तिथंच फसतात, ऊन बघून घरी परत येतात. ही फुग कृष्णेची, ती अलमट्टीपर्यंत नेऊन भिडवायची की नाही ह्यावर वाद आहे. २०१९ नंतर महाराष्ट्रानं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारण नाही असं म्हटलेलं. दुसरीकडं धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायला कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्ये मान्यता दिली आहे, त्याची धास्ती आम्हाला पण आहे, आम्ही काय खूश नाही. पण ती भांडणं दिल्ली-बेंगळूर-मुंबईत चालतील. आज रात्री आमच्या ओट्याला पाणी लागणार का, हे सांगायला वहीच लागते.

आणि दुसरं. आमच्याकडं सगळे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट विचारतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, पोरांना पण पाठ आहे. अहो पण ती पंचगंगा. तिचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत येऊन मग आमच्याकडं. वेदगंगेकाठच्या माणसानं पंचगंगेचे फूट ऐकून झोपायचं किंवा घाबरायचं म्हणजे शेजाऱ्याचा ताप बघून आपण गोळी घेतल्यासारखं. प्रत्येक गावाला आपली पट्टी पाहिजे.

नदी_आणि_राज्य

बरोबर आहे तुमचं. रागात लिहिलं. माझं घर २०१९ ला गेलं, मातीचं होतं. पाण्यात आठ दिवस उभं राहिलं, आणि पाणी ओसरून ऊन लागल्यावर तिसऱ्या दिवशी भिंत आत पडली. पंचनामा आधीच झालेला, त्यात "अंशतः". पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख होते, आम्ही सी वर्गात, म्हणजे थोड्या पडझडीत, ५० हजार. कितीदा गेलो, एका टेबलावरून दुसऱ्या. नोटीस कन्नडमध्ये, मला वाचता येत नाही, पोरीला शाळेत शिकवतात म्हणून ती वाचून सांगायची, दहा वर्षांची पोर. त्याचा राग अजून आहे.

वेदगंगाकाठ

दादा, तुमचा राग चुकीचा नाही. मातीच्या घराचं तुम्ही सांगितलं ते सगळ्यांनी लिहून घ्या: पाणी असताना भिंत उभी असते, पडते ती नंतर. ह्यांच्या वहीत सुद्धा २०१९ च्या पानावर हे आहे, पाणी उतरल्यावर दहा दिवस मातीच्या घरात झोपू नये. आमच्या गावात त्या वेळी पाणी ओसरल्यावर ज्यांची भिंत पडली त्यांचे फोटो परत काढले, भिंतीवर पाण्याची खूण दिसेल असे, शेजारच्यांच्या सह्या घेतल्या आणि दुसरा अर्ज दिला. सगळ्यांचं झालं नाही, काहींचं झालं. कन्नड वाचणाऱ्या कॉलेजच्या दोन पोरी आहेत गावात, त्यांना ह्यावेळी आधीच सांगून ठेवलंय, नोटीस लागली की मराठीत लिहून ग्रुपवर टाकायची, आणि आपला अर्ज कन्नडमध्ये त्यांनी करायचा.

शहापूरच्या वहिनींना सांगा, नियम पटला. आमच्या पोरांना मी सांगितलंय, रात्रपाळी जोडीनं करायची, लागोपाठ दोन रात्री कुणी करायची नाही, आणि ज्याच्या घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे त्यानं पहिलं आपलं घर हलवायचं, मग गावात यायचं. ह्यांनी हे केलं असतं तर पोराचं ते वाक्य मला ऐकावं लागलं नसतं. मी हे ह्यांच्या समोर बसून टाइप करते आहे. वाचलं त्यांनी. काही बोलले नाहीत, पण उठून वही आणली आणि मला पहिल्या पानावरचे नियम वाचून दाखवले. जसे आहेत तसे देते, त्यांच्या भाषेत:

पाचवी पायरी बुडाली की मळीतली जनावरं वर आणायची, आणि दावी कापायची नाहीत, सोडायची, परत लागतात. पार ओला झाला की गरोदर बाई, म्हातारं माणूस, अपंग माणूस रातोरात नाही, उजेडातच हलवायचं, चारला निर्णय घ्यायचा. काहील घेऊन कुणी एकट्यानं पाण्यात जायचं नाही. (गुऱ्हाळाची काहील आमच्याकडं नावेसारखी वापरतात, चौघं बसतात, पण वेलांटी घेतली की गोल फिरते, २००५ ला दोघं पडलेले.) ऊन पडलं म्हणून परत यायचं नाही, कृष्णा उतरली का ते विचारायचं. लाईट बंद केल्याशिवाय पाण्यात पाय नाही.

गावातलाच_एक

काकू मी तुमच्या गल्लीतलाच, ओळखलंच असेल. ह्या वह्यांचे फोटो काढून शीटमध्ये भरतो, चारही. म्हणजे २००५ पासून कोणत्या नक्षत्रात किती पायऱ्या हे एका नजरेत येईल. आणि प्रत्येक गल्लीत एका घराच्या भिंतीवर २०१९ ची रेघ मारूया, मारुतीच्या दगडापासून लेव्हल पाइपनं, गवंडी काका तयार आहेत. आमच्या घरी ती रेघ माझ्या खांद्याच्या वर येते, मोजून बघितली.

वेदगंगाकाठ

भर बाळा. पण वही पण चालू राहणार. त्या वेळी लाईट नसते, टॉवर जातो, चार्जिंग जातं. पेन्सिलनं लिहायचं, पेन ओलं झालं की पसरतं.

नर्सताई_चिक्कोडी

पीएचसीत बरीच वर्षं काम केलंय म्हणून एवढंच सांगते. पुराच्या पाण्यात फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी गमबूट घाला, नसेल तर निदान पायाच्या भेगा, जखमा झाकून घ्या. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकतायत असं झालं तर अंगावर काढू नका, लेप्टो (उंदीर-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, वेळेत औषध मिळालं तर बरा होतो. पाण्यात काम केलंय हे डॉक्टरना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. पाणी उकळूनच. आणि शुगर-बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात आलेली म्हातारी माणसं गोळ्या घरी राहिल्या म्हणून जास्त खचतात. ताई, तुमच्या मालकांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवस पण चुकू देऊ नका.

कणकुंबी_वाट

आम्ही खानापूरकडचे. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते, माउलीच्या देवळाजवळ, तिथं ती एवढीशी की लहान पोर ओलांडतं. तीच पुढं सौंदत्तीला जाऊन धरण भरते. म्हादई पण आमच्या भीमगडच्या जंगलातून निघते. नदीचं नाव सगळे घेतात, टीएमसी मोजतात, पण पावसाळ्यात आमच्या वाड्या साकव वाहून गेला की तुटतात, पेशंट खांद्यावर आणावा लागतो. आमच्याकडं वही नाही. ह्या वर्षी शाळेच्या गुरुजींना सांगून सुरू करतो. पायऱ्या नाहीत, एका मोठ्या खडकावर रेघा मारणार.

वेदगंगाकाठ

म्हातारा (पुष्य नक्षत्राचा पाऊस) लागून चार दिवस झाले, आता लिहायला वेळ मिळाला.

त्याआधीचा तरणा, म्हणजे पुनर्वसू, कोरडा गेला, सगळे म्हणाले यंदा काय येत नाही. म्हातारा लागला त्या रात्री मुरगूडच्या भावोजींचा मेसेज, सातचा नव्हे, सव्वानऊचा: गढूळ, लाकडं, बंधारा दिसत नाही. मी छत्री घेऊन घाटावर, सोबत गल्लीतला तो आणि त्याची आई. बॅटरी मारली तर चौथी पायरी बुडालेली, पाचवीवर पाणी चाटत होतं. वहीत लिहिलं, हात थरथरत होता, पुष्य नक्षत्राच्या जागी पुनर्वसूच लिहिलं, मग खोडलं.

रात्रीच मळीतली एकोणीस जनावरं वर आणली. सिदनाळच्या पोरांनी तेरा मोटारी काढल्या. सकाळी पार ओला झाला, आम्ही चार वाजायची वाट नाही बघितली, दहालाच सहा म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण शाळेत नेली. पाणी पाराच्या वर दोन विती गेलं आणि तिथंच थांबलं. कल्लोळच्या दादांनी फोनवर सांगितलं कृष्णा अजून चढलेली आहे, घरी जाऊ नका, म्हणून तीन दिवस कुणी गेलं नाही. आज उतरतंय. कुणाची भिंत अजून पडलेली नाही, दहा दिवस बघायचंय.

पोरगा पुण्याहून आला होता, रस्ता बंद व्हायच्या आधी, न सांगता. रात्री दोनच्या पाळीला तो होता. मी घरी आले तर हे जागे, खाटेवर बसून. मला म्हणाले, कुठवर? मी म्हटलं सातवी गेली. म्हणाले, लिहिलंस? मी म्हटलं, त्यानं लिहिलं, पेन्सिलनं. मग आडवे झाले आणि सकाळी सातपर्यंत झोपले.

आज दुपारपासून उतरत्या पायऱ्या लिहितो आहोत. आता सहावी उघडी पडली आहे, तिच्यावर चार बोटं गाळ आहे.